महापुरात भिजलेला आजोबांचा अल्बम : ही पक्ष्यांची तिकिटं कुठली, आणि चिकटलेली सोडवायची कशी?

मेघना_शाहूपुरी

नमस्कार मंडळी. तिकिटांतलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून इथं आले.

माझे आजोबा गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. दिवसभर शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहायच्या आणि रात्री त्याच पेनानं इंग्रजीत पत्रं. कुणाला, तर नकाशावर माशी बसली तर झाकून जातील असल्या बेटांच्या पोस्टमास्तरांना. सोबत एक रिप्लाय कूपन (उत्तराच्या टपालखर्चाचं कूपन) जोडायचं आणि 'आपल्याकडील पक्ष्यांची तिकिटे पाठवावीत' अशी विनंती करायची. आजी वैतागायची. 'दारातल्या कोंबड्या कोंडायच्या राहिल्यात आणि ह्यांना समुद्रातली पाखरं पायजेत!'

२०१९ च्या महापुरात शाहूपुरीतल्या आमच्या घरात कंबरेएवढं पाणी आलं. अल्बम लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात होता. गाळ काढला, अल्बम गच्चीवर वाळवला, तर त्याचा पार पापड झाला. तसाच पिशवीत घालून माळ्यावर टाकला होता. गेल्या आठवड्यात आईनं माळा आवरायला काढला आणि पिशवी परत हातात आली.

वरची काही पानं सुटली. त्यावर जे दिसतंय ते सांगते.

एक : 'ट्रिस्टन डा कुन्हा' लिहिलेलं तिकीट, त्यावर काळपट तपकिरी, लाल डोळ्यांचा, पिल्लासारखा दिसणारा पक्षी. हे अल्बममध्ये नव्हतं, मधे खोचलेल्या एका पाकिटावर होतं. पाकिटाचा कोपरा कापून तो तुकडा पाण्यात घातला, तिकीट छान सुटून आलं.

दोन : मॉरिशसचं अख्खं पान. कोपऱ्यात राणीचं डोकं आणि किंमत मात्र सेंट आणि रुपयात! राणी आणि रुपया एकत्र कसे?

तीन : सेंट हेलेना, काटक्यांसारख्या पायांचा एक पक्षी.

चार : 'स्टाफा' नावाच्या बेटाची पक्ष्यांची बरीच तिकिटं. ही सगळ्यांत चकचकीत आहेत.

खालची सात-आठ पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. आमचे एक काका म्हणतात, मॉरिशसचं तिकीट कोटीत जातं, कुणाला दाखवू नको. खरं का?

आरएमएस_आप्पा

ताई, पहिल्यांदा हातातली कात्री खाली ठेवा.

मी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये चौतीस वर्षं टपाल वर्ग केलं. मिरज-कोल्हापूर पट्ट्यातली पाकिटं डोळे मिटून सांगायचो कुठल्या पेठेची ते. त्या अधिकारानं सांगतो, पाकिटावरून तिकीट सोडवू नये. सुटं तिकीट म्हणजे नुसतं चित्र. पाकिटावर असलं की ते कधी निघालं, कुठनं फिरलं, कोल्हापुरात कधी पोचलं, सगळा प्रवास त्याच्या अंगावर असतो. आता जे झालं ते झालं. कापलेलं पाकीट तरी टाकून देऊ नका, ते आणि तिकीट एकत्र ठेवा.

आता काकांचं. कोटीत जातात ती मॉरिशसची १८४७ ची 'पोस्ट ऑफिस' तिकिटं. एक पेनीची ५०० आणि दोन पेन्सची ५०० छापली होती. त्यावर व्हिक्टोरिया राणी आहे, पाखरू-बिखरू काही नाही. काकांना म्हणावं, चहा घ्या.

तुमचं पान १९६५ च्या पक्षीमालिकेचं असणार. तेव्हा मॉरिशस ब्रिटिशांकडे होतं, स्वातंत्र्य १९६८ साली. म्हणून राणी. आणि तिथलं चलन आजही रुपयाच आहे, फक्त आपला नव्हे, त्यांचा. ही मालिका माझ्या फार आवडीची, कारण सांगतो. पंधरा तिकिटं. त्यातले दहा पक्षी काढली तेव्हा जिवंत होते, पाच आधीच नामशेष झालेले. स्वस्तातल्या तिकिटांवर जिवंत पाखरं आणि ६० सेंटपासून वरच्या महागड्या तिकिटांवर मेलेली. डोडो बहुतेक अडीच रुपयांचा. आमच्या सॉर्टिंगच्या टेबलावर मी एकदा ही अख्खी मालिका ओळीनं मांडली होती, तर शेजारचा सहकारी म्हणाला, 'आप्पा, हे आपल्या पगारासारखं आहे, जिवंत असेपर्यंत भाव नाही.'

खरी गंमत पुढंच आहे. २५ सेंटवर जो छोटा शिकारी पक्षी आहे ना, मॉरिशसची खरूची म्हणा, तो १९७४ साली साऱ्या बेटावर मोजून चार उरले होते. म्हणजे तिकीट निघून दहा वर्षंही झाली नव्हती आणि हा पक्षी वरच्या महाग रांगेत जायच्या बेतात. डीडीटी, तुटलेलं जंगल, बाहेरून आणलेली मुंगसं-मांजरं, अशी कारणं. मग कार्ल जोन्स नावाचा माणूस तिथं येऊन राहिला. घरट्यातली अंडी उचलून उबवली, पिल्लं वाढवून सोडली. अंडी उचलली की मादी पुन्हा घालते, एवढ्या साध्या गोष्टीवर सगळं काम. पुढं ती काही शेकड्यांवर गेली. ३५ सेंटवरच्या गुलाबी कबुतराचंही तसंच. १९९० च्या सुमारास रानात दहाच्या आसपास राहिली होती, ती पण वाचली.

सेंट हेलेना म्हणजे नेपोलियनला शेवटी जिथं ठेवला ते बेट. तुमचा काटक्यांच्या पायांचा पक्षी तिथला 'वायरबर्ड', तारेसारखे पाय म्हणून नाव. आपल्या पंचगंगेच्या काठावर चिखल्या पळतो ना, त्याच घराण्यातला. जगात फक्त त्याच बेटावर आहे, आणि तिथल्या खास अशा जमिनीवरच्या पक्ष्यांपैकी हा एकटाच उरलाय. त्यांच्या राजचिन्हावरही तोच. त्या बेटाला विमानतळ अगदी अलीकडचा, २०१७ पर्यंत नेहमीचं विमानच नव्हतं. टपाल 'आरएमएस सेंट हेलेना' या बोटीनं जायचं. आमचं आरएमएस रेल्वेचं, त्यांचं आरएमएस म्हणजे रॉयल मेल शिप. नोकरीत असताना मी पोरांना सांगायचो, आपल्या खात्याची एक बोट पण आहे.

राहिलं स्टाफा. ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण ती तिकिटं नव्हेतच. स्टाफा हे स्कॉटलंडजवळचं खडकाळ बेट, गुहेसाठी प्रसिद्ध. वस्ती शून्य. पोस्ट नाही, पेटी नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात असल्या ओस बेटांच्या नावानं रंगीत लेबलं छापून जगभरच्या हौशी लोकांना विकली. अजून काही निघालीच तर 'आयनहॅलो', 'बर्नेरा' ही नावंही बघा. माझा साधा नियम आहे : तिकीट हातात आलं की विचारायचं, त्या बेटावर पत्र टाकायला कोण आहे? कोण नसलं की ते कागद.

कळंबा_पक्षीनोंद

आप्पा, नियम छान आहे, पण मेघनाताईंच्या पहिल्या तिकिटावरच तो आपटतोय.

ते पाखरू 'इनॅक्सेसिबल आयलंड' म्हणजे अक्षरशः 'अगम्य बेट' नावाच्या बेटावर राहतं. तिथं चिटपाखरू आहे, माणूस एक नाही. तिकीट काढलं ते दक्षिण अटलांटिक समुद्रातल्या शेजारच्या ट्रिस्टन डा कुन्हा बेटानं, जिथं अडीचशेच्या आसपास लोक राहतात.

या पक्ष्यावर माझा भलताच जीव आहे म्हणून थोडं जास्त लिहितो. आपल्या पाणकोंबडीच्या कुळातला हा. जगातला सर्वांत लहान न उडणारा पक्षी. वजन जेमतेम चाळीस ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या एका अंड्याहून हलका. अंगावरची पिसं केसांसारखी विरळ. उंच गवताच्या बुडातून त्यानं बोगदे पाडलेले असतात, त्यातून उंदरासारखा सुळकन पळतो. उंदरासारखा म्हणतोय खरं, पण तो जिवंत आहे तो तिथं उंदीर पोचला नाही म्हणूनच. बेट सारं चौदा-एक चौरस किलोमीटरचं. एका बोटीतून उंदराची एक जोडी उतरली की संपलं.

भीती पोकळ नाही. मार्च २०११ मध्ये सोयाबीन भरलेलं 'ऑलिव्हा' नावाचं मालवाहू जहाज शेजारच्या नाइटिंगेल बेटाच्या खडकावर चढलं. तेल सांडलं, हजारो पेंग्विन माखले. ट्रिस्टनच्या लोकांनी जमेल तेवढे पेंग्विन बोटीतून आणून धुतले, आणि त्याच वेळी किनाऱ्यावर उंदरांसाठी सापळेही लावले. नशिबानं उंदीर सापडला नाही.

हे पाखरू न उडता तिथं पोचलं कसं, हा वाद बरेच दिवस चालला. १९२३ साली पर्सी लो या इंग्रज शास्त्रज्ञानं त्याला नाव दिलं तेव्हा त्यांना वाटलं, बुडालेल्या जमिनीच्या पट्ट्यावरून ते चालत आलं असेल. म्हणून जातीचं नाव थेट दंतकथेतल्या, समुद्रात बुडालेल्या अटलांटिस बेटावरून ठेवलं, 'अटलांटिसिया'. पुढचं 'रॉजर्सी' हे ट्रिस्टनवर राहणारे पाद्री रॉजर्स यांच्यावरून, त्यांनीच नमुने मिळवून लंडनला पाठवले होते. अलीकडं डीएनए तपासल्यावर कळलं की याचे जवळचे भाऊबंद दक्षिण अमेरिकेत आहेत. पंधरा लाख वर्षांपूर्वी पूर्वज उडतच आले आणि इथं मारणारं कुणी नाही म्हटल्यावर पंखांचा नाद सोडला. अटलांटिस गेलं, नाव बदललं.

आपल्याकडंही असलं एक आहे. अंदमानातलं नारकोंडम, सातेक चौरस किलोमीटरचं बेट, आणि तिथला धनेश जगात दुसरीकडं कुठंही नाही. पण तो विषय सुरू केला तर मी रात्रभर थांबणार नाही.

सदाशिव_छिद्रमापक

दोन दुरुस्त्या.

डोडो १ रुपयाच्या तिकिटावर आहे. अडीच रुपयांवर रॉड्रिग्ज बेटावरचा सॉलिटेअर आहे, तोही नामशेष आणि तोही उडता न येणारा, त्यामुळे गोंधळ होतो.

दुसरे, किमतीबद्दल कुणीच स्पष्ट बोलत नाही. पुराचे पाणी लागलेल्या, डाग पडलेल्या तिकिटांना बाजारात किंमत नसते. मॉरिशसची ती मालिका चांगल्या अवस्थेतही सामान्य माणसाच्या आवाक्यातली आहे. ट्रिस्टनचे खरोखर दुर्मीळ म्हणजे १९६१ चे. त्या वर्षी तिथे ज्वालामुखी जागा झाला आणि सगळ्या रहिवाशांना बोटीने इंग्लंडला हलवले. त्यांच्या मदतीसाठी सेंट हेलेनाने ट्रिस्टनच्याच तिकिटांवर जादा रकमेचा छाप मारून ती विकली. ४३४ संच खपले आणि विक्री थांबवण्यात आली. त्याचे बनावट छाप भरपूर आहेत, तेव्हा कुणी दाखवले तर आधी हात मागे घ्यावा.

आरएमएस_आप्पा

डोडो १ रुपयाचा, मान्य. वय झालं. पुण्याच्या माणसाकडनं चूक काढून घेतली, आता आठवडाभर जेवण गोड लागणार नाही.

कळंब्याच्या पोरा, माझा नियम मोडलास खरा, पण अर्धाच. अगम्य बेटावर कुणी नाही, पण तिकीट विकणारं पोस्ट शेजारी आहे, आणि त्या पोस्टात पत्र टाकणारी माणसं आहेत. स्टाफाच्या मागं काय होतं? छापखाना. आणि ट्रिस्टनला तिकिटाची गरज किती होती बघ. सगळ्यांत जवळची वस्ती म्हणजे सेंट हेलेना, तेही २,४०० किलोमीटरवर. कोल्हापूर ते श्रीनगर सरळ रेघ मारलीस तरी त्याहून कमी भरेल. केप टाऊनहून वर्षाला मोजक्या बोटी जातात. १९४६ साली तिथल्या मंडळींसाठी ॲलन क्रॉफर्डनं तिकिटांचे नमुने केले, त्यावर पेंग्विन, आणि किंमत काय लिहिली? 'एक पेनी, म्हणजे चार बटाटे.' बेटावर पैशापेक्षा बटाटा चालायचा. ती तिकिटं सरकारनं मानली नाहीत, स्वतःची म्हणून मिळाली १९५२ साली, तीही सेंट हेलेनाच्या तिकिटांवर ट्रिस्टनचं नाव ठोकून. आपल्याकडं कुणी 'एक आणा, म्हणजे गुळाचा एवढा खडा' असं छापलं असतं तर मेघनाताईंच्या आजोबांनी वजन करून घेतलं असतं.

आता चिकटलेल्या पानांचं, कारण ते कुणीच सांगितलं नाही. ओढू नका, चाकू घालू नका, वाफ तर बिलकूल नको. एक मोठा झाकणाचा स्टीलचा डबा घ्या. तळाला ओला करून पिळलेला स्पंज. त्यावर इडलीपात्रातली भोकांची थाळी उपडी, म्हणजे पान पाण्याला टेकणार नाही. थाळीवर चिकटलेली दोन पानं ठेवा, झाकण लावा, एक रात्र जाऊ दे. दमटपणानं डिंक मऊ पडतो. सकाळी कोपऱ्यातनं हळूच उचलून बघा. येत नसेल तर परत झाकण. घाई केली तर तिकिटाची वरची कातडी खालच्या पानावर राहते. सुटलं की टिपकागदात ठेवून वर जाडजूड पुस्तक. आणि हे सगळं पावसाळ्यात करू नका, कोल्हापूरच्या हवेत वाळायला दिवाळी येईल.

न वापरलेली, मागं डिंक असलेली तिकिटं पाण्यात कधीच बुडवायची नाहीत. वापरलेली, शिक्का असलेली चालतील. कोमट पाणी, गरम नको.

मेघना_शाहूपुरी

आप्पा, इडलीची थाळी चालली! आईनं डोळे वटारले, पण चालली. तीन रात्रींत चार पानं सुटली. एका पानाची घाई केली, तिथं तुम्ही म्हणालात तसंच झालं, एका कबुतराचं डोकं खालच्या पानावर राहिलं.

आजोबांनी तिकिटं पानावर डकवायच्या बिजागऱ्या (डिंकाचे छोटे कागद) कशाच्या केल्यात माहितीय? आपल्या पोस्टात तिकिटांच्या तावाला कडेनं जी डिंकाची कोरी पट्टी असते, तिचे तुकडे. प्रत्येक तुकडा सारखा, पट्टीनं मोजल्यासारखा.

आणि अजून एक पाकीट निघालं. हे न कापता ठेवलंय, शपथेवर. पुढच्या बाजूला आजोबांच्याच अक्षरात त्यांचा स्वतःचा पत्ता, म्हणजे पत्रासोबत उत्तरासाठी पाकीटही त्यांनीच लिहून पाठवलं असणार. त्यावर तेच लाल डोळ्यांचं पाखरू. ट्रिस्टनचा शिक्का, वर्ष पुसट, '१९७' पर्यंत वाचता येतं, महिना मात्र जानेवारी. मागच्या बाजूला कोल्हापूरचा शिक्का, त्यातला महिना जून.

मॉरिशसच्या पानाबद्दल सांगायचं राहिलं. पंधरा चौकटी पेन्सिलनं आखलेल्या आहेत, प्रत्येकीखाली किंमत लिहिलेली. चौदा भरल्यात. २५ सेंटची रिकामी आहे. आधी वाटलं पुरात गेलं असेल, पण तिथं डिंकाचा डागसुद्धा नाही. ते त्यांना मिळालंच नसावं.

सदाशिव_छिद्रमापक

जानेवारी ते जून, पाच महिने. पाकीट न कापल्याबद्दल आभार. प्लास्टिकच्या साध्या पिशवीत ठेवू नका, कागद पिवळा पडतो.

आरएमएस_आप्पा

सत्तरचं दशक म्हणजे मी नोकरीत होतो. ते पाकीट माझ्या हातावरून गेलं नसेल कशावरून.

ताई, २५ सेंटची माझ्याकडं दोन आहेत. एकाचा कोपरा जरासा दुमडलाय, दुसरं चांगलं. चांगलं तुम्हाला. पोस्टानं पाठवणार नाही, रविवारी सकाळी दहाला बिंदू चौकात या आणि अल्बम घेऊन या. ते डोकं गेलेलं कबूतर पण आणा, बघू काय होतंय का.